पैसे ७२०० चे, डिस्क ५४०० ची

लॅपटॉपच्या पावतीवर केवळ ‘१ टीबी एचडीडी’ (म्हणजे हार्ड डिस्क) एवढेच छापलेले असेल, तर त्या चार अक्षरांत काय काय लपवता येते याचा अनुभव मी २०२२ साली चार महिने घेतला. माझी रक्कम बुडाली नाही आणि कोणी खोटा दुवा पाठवून माझे खातेही रिकामे केले नाही. एका नावाजलेल्या कंपनीने स्वतःच्याच संकेतस्थळावरून, रीतसर पावती देऊन, ज्याचे पैसे घेतले त्यापेक्षा हलकी वस्तू मला दिली. ती बदलून मागितल्यावर सगळा दोष माझ्या अज्ञानाचा आहे असे मला पटवण्याचा प्रयत्न झाला. अशी फसवणूक ओळखायलाच वेळ लागतो, आणि त्या वेळावरच समोरच्याची सारी भिस्त असते.

मी वाईला राहते आणि मोडी कागदपत्रांचे लिप्यंतर करते. गावोगावच्या घरांतून वतनाचे, वाटणीचे, देवस्थानाचे कागद रुमालात बांधलेले येतात. ते स्कॅन करून मूळ कागद परत द्यायचे आणि चित्रांवरून वाचन करायचे, अशी माझी पद्धत आहे. ए-४ आकाराचा एक कागद ४०० डीपीआयने रंगीत आणि कोणतेही आकुंचन न करता साठवला, तर साधारण ४६ एमबी जागा घेतो. म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर वीस-एकवीस हजार कागद मावतात. तेवढ्या जागेची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, मला परवडणारी नव्हती, म्हणून विंडोजसाठी लहान एसएसडी आणि साठवणीसाठी एक टीबीची फिरती डिस्क, असा दुहेरी रचनेचा लॅपटॉप मी निवडला. कंपनीच्या पानावर याच लॅपटॉपचे दोन प्रकार होते, एकात ५४०० आरपीएमची, म्हणजे तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी डिस्क, आणि दुसऱ्यात ७२०० आरपीएमची. मी जाणीवपूर्वक साडेतीन हजार रुपये जास्त मोजून दुसरा घेतला.

लॅपटॉप २९ ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी घरी आला. विंडोज एसएसडीवर असल्यामुळे यंत्र झटकन सुरू होत होते, त्यामुळे पहिले दोन दिवस काहीच जाणवले नाही. ३१ तारखेला आरती-प्रसाद उरकून रात्री जुन्या डिस्कवरचे कागद नवीन डिस्कवर हलवायला घेतले, आणि एखाद्या फोल्डरातील दोन हजार चित्रांच्या छोट्या प्रतिमा उमटायला जुन्या लॅपटॉपवर लागत असे जवळजवळ तेवढाच वेळ इथेही लागत असल्याचे लक्षात आले. भाच्याने फोनवरून ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम टाकायला सांगितले. तो डिस्कची मॉडेल क्रमांकासह माहिती दाखवतो. त्यात ‘रोटेशन रेट’ या शब्दांपुढे स्वच्छ अक्षरांत ५४०० आरपीएम असे होते. मॉडेल क्रमांकावरून डिस्क बनवणाऱ्या कंपनीचे माहितीपत्रक शोधले, तर त्यातही तेच होते.

१ सप्टेंबरला सकाळी मी कस्टमर केअरला फोन केला. माल परत करण्याची मुदत सात दिवसांची, म्हणजे ५ सप्टेंबरपर्यंत होती, आणि ती तारीख मी पहिल्याच वाक्यात सांगितली. पलीकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितले, “मॅडम, स्पीड का इश्यू सॉफ्टवेअर से होता है, आप विंडोज रीसेट कर लीजिए.” विंडोज त्या डिस्कवर नाहीच, ते एसएसडीवर आहे, हे मी दोनदा सांगितले. तरीही ‘ट्रबलशूटिंगच्या पायऱ्या’ पूर्ण झाल्याशिवाय तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, पुढे जात नाही असे उत्तर आले. मी रीसेट केले. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर अद्ययावत करायला सांगितले, तेही केले. मग ‘वरिष्ठ विभाग ७२ तासांत संपर्क करेल’ असा संदेश आला. २ सप्टेंबरच्या संध्याकाळी दिलेले हे ७२ तास ५ तारखेच्या संध्याकाळी संपत होते, आणि वरिष्ठ विभागाचा फोन ६ तारखेला सकाळी आला. परतीची मुदत संपली असल्याने आता केवळ वॉरंटीखाली दुरुस्ती होऊ शकते, असे त्यांनी मला खेदपूर्वक कळवले. हा योगायोग असेल असे मला तेव्हा वाटले होते, आज वाटत नाही. परतीची मागणी पहिल्याच दिवशी ई-मेलने लेखी नोंदवायला हवी होती आणि रीसेटचा खेळ त्यानंतर खेळायला हवा होता. मी फोनवर विसंबले.

फोनवर मला जे सांगितले गेले त्यात एक तांत्रिक लबाडीही होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचे भांडण करता आले नसते. डिस्कचा वेग ‘वापरावर अवलंबून असतो’ हे वाक्य अर्धसत्य आहे. फाइल किती एमबी प्रतिसेकंद वाचली जाईल हे खरोखरच बदलते. तबकडी एकाच गतीने फिरते, पण तिच्या बाहेरच्या कडेचा वर्तुळमार्ग लांब असल्यामुळे एका फेरीत तिथे जास्त मजकूर वाचला जातो, आणि आतल्या कडेला हा वेग साधारण निम्म्यावर येतो. म्हणून वेगचाचणीचे आकडे दाखवून वाद घालणाऱ्याला कंपनी सहज गुंडाळते. तबकडीच्या फिरण्याचा वेग मात्र कारखान्यात ठरलेला असतो. पंख्याचा रेग्युलेटर फिरवावा तसा तो विंडोजमधून वाढत नाही. ५४०० आरपीएमची डिस्क सेकंदाला ९० फेऱ्या घेते, ७२०० ची १२०. हवा तो मजकूर वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, म्हणजे एकीत सुमारे ५.५६ मिलिसेकंद आणि दुसरीत ४.१७. एका फाइलला हा फरक नगण्य आहे, पण हजारो चित्रे एकामागून एक उघडणाऱ्या माझ्यासारखीला तो दिवसभर सोसावा लागतो. त्या दिवसापासून मी ‘स्लो’ हा शब्द वापरणेच सोडले आणि प्रत्येक पत्रात एकच वाक्य लिहिले: विकलेली डिस्क ७२०० ची होती, दिलेली ५४०० ची आहे.

(एक टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबीच दाखवते, ही मात्र फसवणूक नव्हे. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. माझ्याशी बोलणाऱ्या एका गृहस्थांनी ‘जसे ९३१ नॉर्मल आहे तसेच ५४०० पण नॉर्मल आहे’ असा युक्तिवाद केला, म्हणून हे सांगितले.)

१४ सप्टेंबरला सातार्‍याहून तंत्रज्ञ आला. मुलगा मनाने चांगला होता. त्याने मागचे झाकण उघडले, डिस्कवरच्या लेबलावर छापलेले ५४०० मला दाखवले आणि म्हणाला, “काकू, तुमचं बरोबर आहे, पण मला हे लिहिता येत नाही.” त्याने जॉबशीटवर, म्हणजे भेटीच्या नोंदीच्या कागदावर, लिहिले होते: ‘ग्राहकाला हार्ड डिस्क अपग्रेड हवी आहे.’ या एका शब्दाने माझी तक्रार तक्रारच राहिली नव्हती, ती हौस झाली होती. मी सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहिले की अपग्रेड नको, ऑर्डरमध्ये नमूद केलेली ७२०० ची डिस्क हवी, बसवलेल्या डिस्कच्या लेबलावर ५४०० आहे, आणि त्या कागदाचा व लेबलाचा फोटो काढून ठेवला. पुढे सर्वांत उपयोगी पडला तो हाच फोटो.

जाताना त्याने माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला, भेट झाल्याची नोंद करण्यासाठी म्हणून, आणि मी तो दिला. तासाभरात ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे’ असा संदेश आला. त्यांच्या भाषेत या ओटीपीला ‘हॅपी कोड’ म्हणतात, हे मला नंतर कळले. नवीन तिकीट काढून आठवड्याने दुसरी डिस्क आली, आणि तीही ५४०० चीच निघाली. सुट्या भागांच्या यादीत एकाच क्रमांकाखाली ‘१ टीबी, अडीच इंची’ असे नोंदलेले होते, वेगाचा रकानाच नव्हता, त्यामुळे गोदामातून जी हाताला लागेल ती येत होती. या वेळी मी ओटीपी दिला नाही आणि डिस्कही बसवू दिली नाही.

दरम्यान मी कंपनीचे विक्रीचे पान पुन्हा उघडून पाहिले, तर दुसऱ्या प्रकारापुढचा ७२०० हा आकडा नाहीसा झाला होता. तिथे आता फक्त ‘१ टीबी एचडीडी’ होते आणि खाली बारीक अक्षरांत ‘तपशील पूर्वसूचनेविना बदलू शकतात’. खरेदीच्या दिवशी मी त्या पानाचा फोटो घेतला नव्हता. पावतीवरही वेग नव्हता. सुदैवाने पैसे भरल्यावर आलेल्या ऑर्डरच्या ई-मेलमध्ये पूर्ण तपशील होता आणि त्यात ७२०० आरपीएम हे शब्द होते. तो ई-मेल मी नेहमीप्रमाणे पुसून टाकला असता, तर पुढे लिहिण्यासारखे काही उरले नसते.

२६ सप्टेंबरला मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिले. २०२० च्या ई-व्यापार नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्याला असा अधिकारी नेमून त्याचे नाव-पत्ता संकेतस्थळावर द्यावा लागतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकालात काढायची असते. पोच वेळेवर आली आणि मग दिवाळी आली. २७ ऑक्टोबरला मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नसतो, ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते, पण ज्या विभागाला मी महिनाभर शोधत होते त्याने चार दिवसांत स्वतःहून फोन केला. डिस्कमध्ये दोष नाही, ती उत्तम चालते, तरीही ‘सद्भावना म्हणून’ दोन हजारांचे व्हाउचर आणि एक वर्षाची जादा वॉरंटी देऊ, आपण तक्रार मागे घेतल्याचे लिहून द्या, असा त्यांचा प्रस्ताव होता. खरे सांगायचे तर मी थकले होते आणि एक रात्र तो प्रस्ताव स्वीकारावा असेच वाटत होते.

मात्र ‘दोष नाही’ हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून मी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ उघडून वाचला. कलम २(१०) मधील दोषाच्या व्याख्येत केवळ बिघाड येत नाही, विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे दावा केलेल्या दर्जात पडलेली उणीवही येते. म्हणजे डिस्क कितीही सुरळीत फिरत असली, तरी ७२०० म्हणून विकलेली ५४०० ची डिस्क कायद्याच्या भाषेत सदोषच ठरते. त्याच कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, म्हणजे मला सातारा पुरे होते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जाण्याची गरज नव्हती. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. तेव्हा तक्रार ऑनलाइन दाखल करण्यासाठी ‘ई-दाखिल’ हे संकेतस्थळ होते, २०२५ पासून ते काम ‘ई-जागृती’वर चालते. वकील न लावता मी तक्रारीचा मसुदा तयार केला, ऑर्डरचा ई-मेल, डिस्कच्या लेबलाचा फोटो आणि माझा शेरा असलेली जॉबशीट त्याला जोडली, आणि १५ दिवसांत योग्य डिस्क न मिळाल्यास हाच मसुदा आयोगात दाखल होईल अशी नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली. व्हाउचरविषयी एक ओळही लिहिली नाही.

५ डिसेंबरला डिस्क आली, आणि या वेळी वेग ७२०० होता. पण त्याच प्रोग्रॅममध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ या नोंदीपुढे ६११ तास होते, म्हणजे ती आधी कोणाच्या तरी यंत्रात फिरून आली होती. वॉरंटीच्या अटींत नूतनीकृत भाग देण्याची मुभा असते, हे त्यांनी तत्परतेने दाखवून दिले. मी उत्तर दिले की ही वॉरंटीची दुरुस्ती नाही, विकलेली वस्तू देणे अजून बाकी आहे, आणि कलम ३९ नुसार आयोग नवीन व निर्दोष वस्तू देण्याचा आदेश देऊ शकतो. यावर बरीच टोलवाटोलवी झाली, तिचा तपशील कंटाळवाणा आहे.

अखेर २२ डिसेंबरला तोच सातार्‍याचा मुलगा सीलबंद डिस्क घेऊन आला. जुनी डिस्क कंपनीला परत द्यावी लागणार होती, आणि तिच्यावर लोकांच्या घरचे वाटणीचे कागद होते. फाइल पुसल्याने किंवा क्विक फॉर्मॅटने मजकूर खरोखर जात नाही, म्हणून मी आदल्या दिवशीच क्विकची खूण काढून पूर्ण फॉर्मॅट लावले होते. त्याला साडेतीन तास लागले. मुलाने नवीन डिस्क बसवली आणि जॉबशीटवर या वेळी ‘चुकीचा भाग पुरवला गेल्याने बदल’ असे लिहिले. मी प्रोग्रॅम उघडला: ७२०० आरपीएम, शून्य तास. मग मॉडेल क्रमांक जॉबशीटवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. “काकू, आता तरी ओटीपी द्या,” तो हसत म्हणाला. मी त्याला चहा दिला, दोन हजार चित्रांचा एक फोल्डर नवीन डिस्कवर उतरवून उघडून पाहिला, आणि मग ओटीपी सांगितला.