‘पेच’ या शब्दाच्या निमित्ताने: मोल्सवर्थच्या कोशाचा परिचय

मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. अर्थाला पीळ असलेल्या शब्दांसाठी मी पहिल्यांदा तिथेच जातो. ‘पेच’ हा असाच एक शब्द. वर्तमानपत्रांतून तो आता ‘राजकीय पेच’, ‘कायदेशीर पेच’ एवढ्यापुरताच उरल्यासारखा वाटतो, पण तो मुळात फारसी आहे आणि त्याचा गाभा पीळ, वळसा, वेढा हाच आहे. पगडीचा पेच, तिच्यावरचा शिरपेच, आकाशात एकमेकांत अडकलेल्या दोन पतंगांच्या मांज्यांचा पेच आणि आखाड्यातला, प्रतिस्पर्ध्याला हलूही न देणारा पेच हे सगळे एकाच वळशाचे विस्तार आहेत. ‘पेचात सापडणे’ म्हणताना आपण त्या मांज्यासारखेच अडकलेले असतो, हे एकदा ध्यानात आले की शब्द पुन्हा जिवंत होतो.

शब्द कोणत्या भाषेतून आला हे एका अक्षराच्या खुणेने सांगणे आणि त्याचे वेगवेगळे अर्थ क्रमांक देऊन मांडणे, ही या कोशाची शिस्त मला फार मोलाची वाटते. जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंचेही या कामाला मोठे साहाय्य झाले होते.

मात्र अर्थ इंग्रजीत असल्यामुळे जवळच्या शब्दांमधली छटा वाचकाला स्वतःच्या कानानेच ओळखावी लागते. पेच पडतो किंवा टाकला जातो, म्हणजे त्यामागे बहुधा कोणाची तरी चाल असते. गुंता मात्र कोणी न करताही होतो, आणि दोरीला पडतो तसा तिढा दोन पक्षांच्या वाटाघाटींतही पडतो. ‘गुंतागुंत’ तर शस्त्रक्रियेनंतरही उद्भवते, तिथे ‘पेच’ म्हणून चालणार नाही. एवढ्यासाठी दाते-कर्वे यांचा, मराठीतच अर्थ देणारा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सोबत ठेवावा. तोही त्याच संकेतस्थळावर आहे.

शोधताना ‘पेच’ आणि ‘पेंच’ ही दोन्ही रूपे तपासावीत, कारण हे कोश 1962 च्या लेखननियमांच्या आधीचे आहेत आणि जुन्या लेखनातले अनुस्वार त्यांत कायम आहेत.