गिट बायसेक्ट: बग दहा पायऱ्यांत सापडतो, पण साक्ष खरी दिली तरच

‘मागच्या रिलीजमध्ये चालत होतं, आता चालत नाही’ एवढाच धागा हातात असेल, तर गिट या कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनातल्या बायसेक्टइतकं कामाचं हत्यार दुसरं नाही. वेगळं काही इन्स्टॉल करायला नको, ते गिटसोबतच येतं. तरी रोज गिट वापरणारे अनेक जण त्याच्या वाटेला जात नाहीत, किंवा एकदा भलताच कमिट (नोंदवलेला एक बदल) पुढे आला म्हणून कायमचा नाद सोडतात. तक्रार खोटी नाही, पण दोष बहुतेक वेळा बायसेक्टला खायला घातलेल्या उत्तरांचा असतो.

तत्त्व साधं आहे. चांगला कमिट आणि बिघडलेला कमिट यांच्या मधोमध उडी मारायची, तपासायचं, अर्धा भाग टाकून द्यायचा. हजार कमिट असतील तर दहाएक तपासण्या. दोन हजार असतील तर फक्त एक जास्त. सुरुवात ‘गिट बायसेक्ट स्टार्ट’ने, मग आत्ताच्या कमिटला ‘बॅड’ आणि जुन्या टॅगला (नाव दिलेल्या जुन्या आवृत्तीला) ‘गुड’ म्हणायचं. सगळं एकाच ओळीत द्यायचं असेल तर स्टार्टपुढे आधी बॅड, मग गुड. हा क्रम हमखास उलटा होतो. तसा झाला की गुड-बॅडची अदलाबदल तर झाली नाही ना, असं विचारून गिट अडून बसतं. आणि शोध उलट्या दिशेचा असेल, म्हणजे ‘हा बग नेमका कधी दुरुस्त झाला?’ असा, तर गुड-बॅडऐवजी ‘ओल्ड’ आणि ‘न्यू’ हे शब्द वापरा. दुरुस्त कमिटला बॅड म्हणत बसलं की तिसऱ्या पायरीला डोकं चक्रावतं.

जुना टॅग ‘गुड’ आहे हे आठवणीवर विसंबून सांगू नका. आजच्या तारखेला, याच मशीनवर तो चेकआउट करून, म्हणजे फोल्डरमध्ये उघडून, चालवून बघा. तिथेही तोच बिघाड दिसला तर कोड बहुधा निर्दोष आहे: एखादं सर्टिफिकेट संपलं असेल, डेटाबेसमधला डेटा बदलला असेल, कंपायलर अपग्रेड झाला असेल. मग इतिहास कितीही चाळा, हाती काही लागायचं नाही.

खरी मजा ‘गिट बायसेक्ट रन’मध्ये आहे. त्याला एक स्क्रिप्ट द्यायची, बाकी तपासण्या ते आपलं आपण उरकतं. निकाल एक्झिट कोडवरून, म्हणजे स्क्रिप्ट संपताना जो आकडा परत देते त्यावरून, ठरतो. 0 म्हणजे गुड. 1 ते 127 म्हणजे बॅड, अपवाद 125चा. तो आला की ‘हा कमिट तपासता येत नाही, वगळा’ असा अर्थ. 127च्या वरचं काहीही आलं की शोध तिथेच थांबतो. स्क्रिप्टमधून उणे 1 परत केला तर शेलला तो 255 दिसतो, म्हणून तोही शोध थांबवतो.

बहुतेकांचं गाडं अडतं ते या 125पाशी. स्क्रिप्टमध्ये नुसतं ‘बिल्ड करा, मग टेस्ट चालवा’ असं लिहिलं आणि मधल्या एखाद्या कमिटमध्ये बिल्डच (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणं) फुटला, तर कोड बहुधा 1 किंवा 2 येतो आणि बायसेक्ट त्याला बॅड धरतं. बगचा संबंध नाही, पण शोध चुकीच्या अर्ध्यात शिरला तो शिरलाच. बिल्डच्या ओळीपुढे ‘किंवा एक्झिट 125’ जोडणं हा यावरचा उपाय. पायटेस्ट (पायथनच्या टेस्ट चालवणारं साधन) वापरत असाल तर आणखी एक खाच आहे: टेस्टची फाइल सापडली नाही तर ते 4 परत करतं, फाइलमध्ये एकही टेस्ट मिळाली नाही तर 5. जुन्या कमिटमध्ये ती टेस्ट लिहिलेलीच नसणार, म्हणजे सगळा जुना इतिहास बॅड! टेस्ट आणि स्क्रिप्ट दोन्ही रेपोच्या (प्रकल्पाच्या गिट फोल्डरच्या) बाहेर ठेवा, म्हणजे चेकआउट बदललं तरी ती जागेवर राहतात. 0 आला तर गुड, फक्त 1 आला तरच बॅड, इतर काहीही आलं तर 125, असं स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं बरं.

कधी दिसणारा, कधी न दिसणारा बग असेल तर बायसेक्ट बेभरवशाचं होतं. समजा बग निम्म्या वेळाच दिसतो. एका कमिटवर टेस्ट पाच वेळा चालवली आणि पाचही वेळा पास झाली, तरी तो कमिट बिघडलेला असण्याची शक्यता उरतेच. बिघडलेला कमिट असा निसटण्याचं प्रमाण 32त 1. ऐकायला कमी वाटतं, पण वाटेत असे पाच कमिट लागले तर कुठेतरी फसण्याची शक्यता 15 टक्क्यांच्या आसपास जाते. दहा वेळा चालवा. मशीनचाच वेळ जातो, आपला नाही.

दुसरा त्रास उरलेल्या कचऱ्याचा. बायसेक्ट फक्त गिटच्या ताब्यातल्या फाइली बदलतं. नोड मॉड्यूल्सचं फोल्डर, बिल्डची जुनी आउटपुट, डेटाबेसचा स्कीमा सगळं आधीच्या कमिटचंच राहतं. सबमॉड्यूलही (रेपोत जोडलेले दुसरे रेपो) आपोआप हलत नाहीत. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला लॉकफाइलप्रमाणे (नेमक्या आवृत्त्यांच्या यादीप्रमाणे) डिपेंडन्सी, म्हणजे लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी, नव्याने बसवा आणि सबमॉड्यूल अपडेट करा. ‘गिट क्लीन’ला डीएफएक्स लावून सगळं पुसण्याचा मोह होईल, पण गिटला इग्नोर करायला सांगितलेली एन्व्हायर्नमेंट (सेटिंग्जची) फाइलही त्यात जाते, जी कुठे दुसरीकडे सापडेलच असं नाही.

ही पुसापुशी मूळ फोल्डरमध्ये टाळायचा सोपा मार्ग म्हणजे ‘गिट वर्कट्री’ने वेगळं फोल्डर काढून तिथे बायसेक्ट करणं. बायसेक्टची स्थिती त्या वर्कट्रीपुरतीच राहते, त्यामुळे मूळ फोल्डरमध्ये आपलं काम चालू ठेवता येतं.

फीचर ब्रँच (नव्या कामासाठी काढलेली कोडची वेगळी फांदी) मुख्य ब्रँचमध्ये मर्ज करणाऱ्या टीमना स्टार्टसोबत ‘फर्स्ट-पॅरेंट’ हा पर्याय लावायला हरकत नाही. 2020च्या 2.29 आवृत्तीत तो आला. ब्रँचच्या आतले अर्धवट, न बिल्ड होणारे कमिट वगळून शोध फक्त मुख्य ब्रँचवरच्या कमिटमधून होतो. स्क्वॉश करून (ब्रँचचे सगळे कमिट एकात दाबून) मर्ज करणाऱ्यांना याची गरजच नाही, पण तिथे उत्तर मिळूनही पंचाईत होते: सापडलेल्या कमिटमध्ये साठ फाइली बदललेल्या. इथे बायसेक्टचा नाइलाज आहे.

हाताने तपासताना चुकून गुडच्या जागी बॅड दाबलं, तर सगळं पहिल्यापासून करू नका. ‘बायसेक्ट लॉग’ फाइलमध्ये उतरवून घ्या, चुकलेली ओळ आणि तिच्यानंतरच्या ओळी काढा, रीसेट करा आणि ‘बायसेक्ट रीप्ले’ला ती फाइल द्या. ही सोय अनेकांना माहीतच नसते.

शेवटी जो कमिट हाती येतो, त्याच्या लेखकाला मेसेज टाकण्याआधी एक पडताळणी करा: ताज्या कोडवर तेवढाच कमिट रिव्हर्ट करून (उलटवून) टेस्ट चालवा. पास झाली तर आरोपी जवळपास नक्की. नाही झाली, तर लॉग उघडा आणि 125 कुठे द्यायचा राहिला ते बघा. सरतेशेवटी ‘बायसेक्ट रीसेट’. ते विसरलात तर हेड (आपण आत्ता कुठे आहोत ही गिटची खूण) ब्रँचवरून सुटलेलाच राहतो आणि पुढचा कमिट कुठल्याच ब्रँचवर जात नाही.