यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हला तीन स्टार, बाकीचे दोन कपाटावरच्या जुन्या ड्राइव्हला

ऑनलाइन मिळतो बघा तो काळा चपटा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह, वर कंपनीचं नाव पण धड नसतं, तो मी घेतला आणि ओळखीतल्या दोघातिघांनी घेऊ का म्हणून विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. आमच्याकडे सांगलीत अण्णांचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून द्यायचं काम होतं, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, साखर कारखान्याच्या सभेच्या नोटिसा, सगळं पेजमेकरमध्ये आणि सगळं फ्लॉपीवर. चपलांच्या खोक्यात भरून ठेवलेल्या त्या फ्लॉप्या आता कॉम्प्युटरवर घ्यायच्या होत्या.

चांगलं आधी सांगतो. लावला की चालू, ड्रायव्हर टाकायची भानगड नाही, विंडोजमध्ये सरळ ए ड्राइव्ह दिसतो. वेगळी पॉवर लागत नाही, यूएसबीच्या ५ व्होल्टवरच फिरतो. १.४४ एमबीवाल्या ज्या फ्लॉप्या धडधाकट होत्या त्या झटक्यात कॉपी झाल्या, जुनी ७२० केबीवाली पण वाचली. पैसे वसूल असं वाटायला लागलं होतं तोवर अण्णांनी स्वतः भरलेल्या फ्लॉप्यांची पाळी आली आणि एकेक करून सगळ्या अडायला लागल्या. डिस्क फॉरमॅट केलेली नाही, फॉरमॅट करायची का, असं विचारतं ते. तिथं चुकूनही हो म्हणू नका हां. आणि फ्लॉपी घालायच्या आधीच कोपऱ्यातली छोटी पट्टी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे ड्राइव्हला तिच्यावर काही लिहिताच येत नाही.

आता गंमत अशी आहे की फ्लॉपी खराब नसते, ड्राइव्हचं आणि तिचं जमत नसतं. साडेतीन इंची फ्लॉपीवर एका बाजूला ८० ट्रॅक, म्हणजे माहिती लिहायच्या गोल रेघा असतात, मिलिमीटरभरात पाचाच्या वर. ज्या ड्राइव्हनं लिहिलं त्याचं हेड, म्हणजे लिहिणारं-वाचणारं टोक, केसभर सरकलेलं असेल तर लिहिलेलं पण तसंच सरकून बसतं, मग ते दुसऱ्या ड्राइव्हला वाचता येत नाही पण त्याच जुन्याला मात्र येतं. म्हणून अण्णांच्या पेंटियमवाल्या कॅबिनेटमधला ड्राइव्ह शोधून काढला, कपाटाच्या वरच होता, धूळ खात.

तो अर्थातच बंद. चालू करताना स्क्रीनवर फ्लॉपी डिस्क फेल (४०) आणि ड्राइव्हचा हिरवा दिवा सतत पेटलेला. फ्लॉपी न घालताच दिवा सारखा जळत असेल तर नव्वद टक्के वेळा पट्टीची केबल उलटी बसलेली असते, दुसरं काही शोधत बसू नका. ३४ पिनांची ती चपटी केबल, तिच्या एका कडेला लाल रेघ असते, ती रेघ १ नंबरच्या पिनकडे आली पाहिजे. मधल्या काही वायरींना पीळ दिलेला असतो, ड्राइव्ह पिळाच्या पुढच्या टोकाला लावला तर तो ए ड्राइव्ह, पिळाच्या आधीच्याला लावला तर बी. पॉवरचा छोटा चार पिनांचा कनेक्टर मात्र नीट बघून लावा, लाल वायर ५ व्होल्टची, पिवळी १२ ची, जोर लावून उलटा घुसवला तर ५ च्या जागी १२ जातात आणि ड्राइव्हचं कल्याण होतं.

केबल सरळ केल्यावर दिवा शहाण्यासारखा वागायला लागला, मोटर फिरली, पण वाचेना. मग वरचा पत्रा काढला. हेडवर तपकिरी थर होता, जुन्या फ्लॉप्यांचं कोटिंग घासून घासून तिथंच बसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, मोबाईल रिपेअरवाल्यांकडे असतंच, धागे न सुटणाऱ्या कापडाचा तुकडा त्यात भिजवून हलक्या हातानं पुसा. सॅनिटायझर चालत नाही, त्यातलं ग्लिसरीन हेडवर राहतं. नेलपॉलिश रिमूव्हर तर लांबच ठेवा, प्लास्टिक खातं. वरचं हेड स्प्रिंगवर असतं, ते उगाच वर ताणायचं नाही, वाकलं की संपलं. ऑनलाइन क्लीनिंग डिस्क पण मिळते, कापडी चकतीवर थेंब टाकून आत घालायची. साधारण धुळीला ठीक आहे, असल्या जमलेल्या थराला मात्र पत्रा उघडणं आलंच.

दुसरं दुखणं ग्रीसचं. हेड पुढंमागं नेणारा जो आटे पाडलेला दांडा असतो त्यावरचं ग्रीस इतक्या वर्षांत गोंदासारखं झालेलं, त्यामुळं हेड मध्येच अडून खर्र खर्र करत होतं. जुनं ग्रीस पुसून काढलं, दांड्याला पांढरं ग्रीस अगदी काडीच्या टोकाएवढं आणि बाजूच्या रॉडला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. शेजारचे काका म्हणाले खोबरेल लाव की रे, त्यांना हात जोडले, थंडीत गोठतं ते.

एक मात्र लक्षात ठेवा, स्टेपर मोटरचे, म्हणजे हेड हलवणाऱ्या मोटरचे स्क्रू कितीही मोह झाला तरी ढिले करायचे नाहीत. हेडची जागा तिथंच ठरते, आणि आपल्याला तर ती सरकलेली जागाच जशीच्या तशी पाहिजे आहे. कुणा हुशार माणसानं हेड अलाइन करून दिलं तर ड्राइव्ह एकदम ओके होईल आणि अण्णांच्या फ्लॉप्या कायमच्या गेल्या.

एवढं केल्यावर जुन्यानं वाचायला सुरुवात केली. यूएसबीवाल्यानं नाकारलेल्या बहुतेक फ्लॉप्या निघाल्या, काहींना थोडा वेळ लागला. मी सरळ फाइली कॉपी करत बसलो नाही, लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामनं अख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये जशीच्या तशी नक्कल काढली, वाचता न आलेल्या सेक्टरवर, म्हणजे ट्रॅकच्या तुकड्यावर, ते परत परत प्रयत्न करतं. पूर्ण इमेज १४,७४,५६० बाइट भरते. फ्लॉपी बदलली तरी आधीचीच यादी दिसत राहिली तर घाबरू नका, ३४ नंबरच्या पिनवरून डिस्क बदलल्याचा सिग्नल येत नाहीये, केबल तरी खराब आहे नाहीतर आतला सेन्सर मळलाय.

काही गेल्याच. कृष्णेचं पाणी २०१९ ला आमच्या भागात शिरलं तेव्हा खोकी माळ्यावर होती, भिजली नाहीत, पण नंतर महिनोन्‌महिने जी दमट हवा राहिली त्यानं आत बुरशी धरली. फ्लॉपीचं शटर, म्हणजे सरकणारं झाकण, सरकवून मधली चकती हातानं फिरवून बघा, पांढरे ठिपके दिसले तर ती फ्लॉपी कुठल्याच ड्राइव्हला देऊ नका, ठिपके हेडला चिकटतात आणि पुढची चांगली फ्लॉपी पण ओरबाडून निघते. हे पाणी न लागलेल्या घरांना पण लागू आहे, आपल्याकडचा पावसाळा काय कमी असतो काय.

कुपवाडला एमआयडीसीत किंवा विट्याकडं कुणाचं जुनं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटाई मशीन), एम्ब्रॉयडरी मशीन फ्लॉपीवर चालत असेल तर त्यांच्यासाठी यूएसबी ड्राइव्ह काही कामाचा नाही, त्यांनी गोटेक बघावा. फ्लॉपी ड्राइव्हच्याच खाचेत, त्याच ३४ पिनांच्या केबलवर बसतो आणि फ्लॉपीऐवजी पेनड्राइव्ह घेतो. सोनीनं २०११ मध्ये फ्लॉपी बनवणं थांबवलं, म्हणजे आता बाजारात नवी म्हणून जी मिळते ती कधीची असेल बघा. फक्त घ्यायच्या आधी आपल्या मशीनला तो चालतो का ते मशीनवाल्याकडून पक्कं करा.

यूएसबी ड्राइव्ह परत नाही केला. विकत आणलेल्या सॉफ्टवेअरच्या फ्लॉप्यांना तो लय बेस. घरी कुणी भरलेल्या फ्लॉप्या असतील तर मात्र तो घ्यायच्या आधी जुनं कॅबिनेट भंगारवाल्याला दिलंय का एवढं विचारा, दिलं नसेल तर आधी आयसोप्रोपिलची बाटली आणा. पेजमेकरच्या फाइली उघडल्या की जुन्या फॉन्टमुळं मजकूर भलताच दिसतो, त्याचं वेगळंच रामायण आहे.