एम्परर एंजलसाठी सहा फुटी टॅंक : आठ महिन्यांनंतर

एम्परर एंजल या समुद्री माशाचा टॅंक 6 बाय 2 बाय 2 फूट, काच 12 मिमी, खाली संप (पाणी गाळायची वेगळी टाकी). सांगलीत, गावभागातल्या घरी, नोव्हेंबरात बसवला. आधी 4 बाय दीड बाय दीडचा होता. त्या चुकीचा त्रास माझ्या माशाने काढला, म्हणून सविस्तर लिहितोय.

एम्परर एंजल आणला तेव्हा जेमतेम तीन इंचांचा होता. गडद निळ्या अंगावर पांढरी वलयं. दुकानदार म्हणाला, "चार फुटात आरामात राहतो, साहेब." मी विश्वास ठेवला. हा मासा पूर्ण वाढला की 40 सेंटिमीटरपर्यंत जातो, हे मी नंतर वाचलं. टॅंकची रुंदी 45 सेंटिमीटर, त्यात दगड रचलेले. तो वळणार कुठे? पाच इंचांचा झाला तेव्हाच दिवसभर काचेला लागून वर-खाली करायचा, क्लाउनफिशना कोपऱ्यातून बाहेर येऊ द्यायचा नाही. बघवत नव्हतं.

टॅंक घेताना सगळे लिटर विचारतात. मोठ्या माशासाठी आधी लांबी-रुंदी बघा. नुसती उंची वाढवली तर लिटर वाढतात, पोहायची जागा तेवढीच राहते. जुन्यात 255 लिटर होते, आता साधारण 680. नव्या टॅंकमध्ये आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचं काचेशी घुटमळणं थांबलं. दगडांच्या मागून निघतो, या टोकापासून त्या टोकाला जातो, परत फिरतो.

खरी काळजी वजनाची होती. तळमजल्यावर ठेवायची हिंमत नव्हती. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, आमच्या खालच्या खोल्या बुडाल्या होत्या. म्हणून पहिला मजला. पण पाणीच 700 किलो, काच सव्वाशे, वर दगड, संप आणि स्टॅन्ड. टनभर वजन बारा चौरस फुटांवर, म्हणजे साधारण 1.1 चौरस मीटरवर. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो धरून काढतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. मला खिडकीखाली हवा होता, त्यांनी तो भिंतीलगत, बीमच्या वर घ्यायला लावला. वरच्या मजल्यावर ठेवणार असाल तर हा खर्च टाळू नका.

मीठ लिटरला 35 ग्रॅम. पहिल्यांदा भरताना 24 किलो लागलं, आता दर रविवारी 100 लिटर पाणी बदलतो, म्हणजे साडेतीन किलो. पाणी आरओचंच. वाया जाणारं पाणी अंगण धुवायला जातं.

एप्रिल-मेमध्ये बाहेर 40 अंश होतं, चिलरवर (पाणी थंड करणारं यंत्र) टॅंक 26 वर राहिला. मात्र चिलर गरम हवा खोलीतच सोडतो, आईला तिथं दुपारी बसवेना. शेवटी चिलर गॅलरीत हलवला. लाईट गेली की बॅटरीचा एअर पंप लावतो. पाणी जास्त असल्यामुळे तापमान हळूहळू चढतं, दोन तास धीर धरता येतो. जुन्या टॅंकमध्ये तेवढ्यात जीव टांगणीला लागायचा.

आता मासा सात इंचांचा आहे. शेपटीकडची वलयं मोडून पिवळ्या रेघा उमटायला लागल्यात.

एकच बदल केला असता. रुंदी दोनऐवजी अडीच फूट घेतली असती. तेवढ्याने 850 लिटर झाले असते, आणि पूर्ण वाढीच्या एम्पररला त्याहून कमी नको, असं आता माझं मत आहे. इंजिनिअरना परत विचारलंय, त्या भिंतीला अडीच फूट पेलेल का म्हणून.