स्टीम डेक ओएलईडी : वापरानंतरचा अनुभव

हातात धरून खेळण्याचे यंत्र विकत घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात मोटारींच्या शर्यती आणि गोळीबार असतो. माझ्याकडे स्टीम डेक ओएलईडी आल्यापासून माझा सर्वाधिक वेळ मात्र एका काल्पनिक देशाच्या सीमेवर पारपत्रे तपासण्यात, वेढा पडलेल्या शहरात औषधे शोधण्यात आणि चंद्राकडे निघालेल्या यानाची कक्षा जुळवण्यात गेला आहे. हा अनुभव अशा खेळाडूचा आहे. ज्यांना सेकंदाला किती चित्रे उमटतात याचीच मोजदाद हवी आहे, त्यांच्या उपयोगाचे यात फार थोडे सापडेल.

यंत्राची ओळख थोडक्यात करून देतो. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने मूळ स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आणला आणि ओएलईडी पडद्याची सुधारित आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. पडदा ७.४ इंचांचा, १२८० × ८०० बिंदूंचा आहे, वजन सुमारे ६४० ग्रॅम, स्मृती १६ जीबी आणि बॅटरी ५० वॅट-तासांची. ५१२ जीबी साठवणुकीच्या यंत्राची किंमत तेव्हा अमेरिकेत ५४९ डॉलर होती. भारतात त्याची अधिकृत विक्री होत नाही. माझे यंत्र भाच्याने अमेरिकेहून येताना आणले. पुण्यातल्या आयात माल विकणाऱ्या एका दुकानात विचारले, तर सांगितलेली किंमत ऐकून भाच्याला विमानतळावर घ्यायला स्वतः जावे असे वाटले. दुकानातून घेतले काय किंवा नातेवाइकाकडून मागवले काय, अधिकृत दुरुस्ती इथे मिळणार नाही, हे खरेदीपूर्वीच मनाशी पक्के केलेले बरे.

या यंत्राचा सर्वांत मोठा गुण कोणत्याही तांत्रिक तक्त्यात नीट दिसत नाही. वरचे बटण एकदा दाबले की खेळ आहे तिथे थांबतो आणि पुन्हा दाबले की काही सेकंदांत त्याच क्षणापासून सुरू होतो. नोकरी, घर आणि वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसाला सलग दोन तास मिळणे अवघडच, पण पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे दिवसभर पडलेले असतात. संगणकासमोर बसून खेळायचे म्हटले की हे तुकडे वाया जातात. इथे ते कामी येतात. माझ्या दृष्टीने ही एकच सोय अर्ध्या किमतीची आहे.

दुसरा गुण म्हणजे दोन्ही बाजूंचे चौकोनी स्पर्शफलक. सुरुवातीला ते केवळ शोभेचे वाटतात. लुकास पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ हा २०१३ चा खेळ खेळायला घेतला, तेव्हा त्यांचे मोल कळले. आर्स्टोत्स्का नावाच्या काल्पनिक हुकूमशाही देशात आपण सीमा तपासनीस असतो. समोर येणाऱ्याची कागदपत्रे मेजावर सरकवायची, तारखा आणि शिक्के ताडून पाहायचे आणि मंजुरीचा किंवा नकाराचा शिक्का मारायचा, एवढेच काम असते. चुका झाल्या की पगार कापला जातो आणि घरी मुलगा आजारी असतो. नियम रोज बदलतात आणि बदलाचे कारण कोणी सांगत नाही. व्हिसासाठी बँकेच्या कागदांची चळत घेऊन रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही खिडकीच्या पलीकडची ही बाजू पाहण्यासारखी आहे. व्यवस्था क्रूर होण्यासाठी तिथली माणसे क्रूर असावी लागत नाहीत, पगाराची भीती पुरेशी असते, हे राजकीय निरीक्षण मला अनेक अग्रलेखांपेक्षा या खेळात जास्त स्पष्टपणे भेटले. ही कागदांची सरकवासरकव काठीसारख्या कळीने करणे वैतागाचे झाले असते. अंगठ्याखालच्या फलकामुळे ती सहज होते.

पडद्याबद्दल लिहिताना विज्ञानाकडे थोडे वळावे लागेल. साध्या एलसीडी पडद्यात मागून सतत प्रकाश पडत असतो आणि काळा रंग म्हणजे तो प्रकाश अडवण्याचा अपुरा प्रयत्न असतो. ओएलईडीमध्ये प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, त्यामुळे काळ्या जागी बिंदू चक्क विझलेला असतो आणि वीजही वाचते. ईस्टमन कोडॅकमधील चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कार्बनी पदार्थांच्या पातळ थरांतून असा प्रकाश कमी विद्युतदाबावर मिळवून १९८७ मध्ये तो शोधनिबंधातून मांडला. पोलंडमधील ११ बिट स्टुडिओजचा २०१४ चा ‘धिस वॉर ऑफ माइन’ रात्री दिवे मालवून खेळताना या शोधाचे महत्त्व डोळ्यांना कळते. साराजेवोच्या वेढ्यावरून सुचलेल्या या खेळात आपण सैनिक नसतो, तर पडक्या घरात जीव मुठीत धरून राहणारे सामान्य नागरिक असतो. अंधार हा तिथे खेळाचा निम्मा आशय आहे आणि एलसीडीवर तो करडा दिसतो. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यावर या कंपनीने खेळाच्या विक्रीचे एका आठवड्याचे उत्पन्न युक्रेनच्या रेड क्रॉसला दिले. दूरचित्रवाणीवर युद्धाची चर्चा नकाशावरच्या बाणांनी होते. त्या चर्चेत मलाही पूर्वी रस होता, आता तो बराच ओसरला आहे.

सर्वाधिक वेळ मात्र ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ने घेतला. मेक्सिको सिटीतील स्क्वॉड या कंपनीने केलेला हा खेळ २०१५ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. त्यात रॉकेट जोडून ते कक्षेत न्यायचे असते आणि न्यूटनच्या नियमांपुढे कोणाची रदबदली चालत नाही. चांद्रयान-३ चे उड्डाण १४ जुलै २०२३ ला झाले आणि ते चंद्रावर उतरले २३ ऑगस्टला. अपोलो ११ सुमारे तीन दिवसांत चंद्राच्या कक्षेत पोहोचले होते, मग आपल्याला इतका वेळ का लागला, हा प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला जात होता. उत्तर वाचून पटते, पण हाताने करून पाहिल्यावर ते अंगवळणी पडते. प्रचंड प्रक्षेपक नसेल तर यान आधी लंबवर्तुळाकार कक्षेत सोडावे लागते. पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशी त्याचा वेग सर्वाधिक असतो आणि तिथे जाळलेले इंधन यानाच्या ऊर्जेत सर्वांत जास्त भर घालते. म्हणून दर फेरीत त्या बिंदूजवळ थोडा वेळ इंजिन चालवायचे आणि कक्षेचे दुसरे टोक चंद्राच्या दिशेने लांबवत न्यायचे. इस्रोने हेच केले आणि १ ऑगस्टला यान चंद्राच्या मार्गाला लावले. शाळेत भौतिकशास्त्राच्या तासाला कक्षा हा विषय फळ्यावरच्या दोन वर्तुळांत संपतो, तिथे हा खेळ आठवीपासून ठेवला तर निदान काही मुले जागी राहतील असे माझे मत आहे.

याच खेळात यंत्राची मोठी उणीव उघडी पडते. मोठ्या पडद्यासाठी लिहिलेली अक्षरे इथे मुंगीएवढी होतात. ‘सिव्हिलायझेशन ६’ मध्येही तोच त्रास आहे. राज्ये, करार, युद्धे आणि पुढे हवामानबदलामुळे चढणारी समुद्रपातळी यांचा हा विस्तृत पट चाळिशीनंतरच्या डोळ्यांनी सात इंचांवर वाचणे कष्टाचे आहे. पडदा तात्पुरता मोठा करून दाखवणारे भिंग यंत्रात आहे, पण दर वेळी दोन बटणे दाबून वाचणे हा तोडगा झाला, सोय नव्हे. (या मालिकेच्या पहिल्या खेळात गांधीजी अण्वस्त्रांचा मारा करतात, कारण आज्ञावलीत चूक होती, ही कथा आपल्याकडे फार आवडीने सांगितली जाते. मालिकेचे जनक सिड मायर यांनीच ती चूक कधी नव्हतीच असे २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.)

उन्हाळ्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण परदेशी परीक्षणांत तो विषय नसतोच. व्हॉल्व्हच्या म्हणण्यानुसार हे यंत्र ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात उत्तम चालते आणि आतला प्रक्रियक (प्रोसेसर) शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःचा वेग कमी करतो. मे महिन्यात आम्ही अकोल्याला जातो. तिथे दुपारी पारा चव्वेचाळीसच्या पुढे असतो आणि कूलरसमोर बसूनही खोलीचे तापमान पस्तीसच्या खाली येईलच असे नाही. अशा वेळी मी प्रक्रियकाची वीजमर्यादा १५ वॅटवरून ७ ते ८ वॅटवर आणतो आणि चित्रांची गती सेकंदाला ३० ते ४० वर बांधून ठेवतो. ही सोय उजव्या बाजूच्या तीन ठिपक्यांच्या बटणाखाली आहे. असे केल्यावर पंखा शांत राहतो, यंत्र हातात धरवते आणि बॅटरीही पाच-सहा तास पुरते. जड खेळ पूर्ण ताकदीने चालवले, तर ती दोन-तीन तासांत संपते.

लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य दोन गोष्टी खातात, उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेली अवस्था. २०२५ च्या अद्ययावतीकरणात चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आली आहे. बहुतेक वेळ यंत्र घरी चार्जरला जोडून खेळणाऱ्याने ती जरूर वापरावी, कारण इथे बॅटरी बदलणे सोपे नाही. यंत्र उघडणे स्वतः फार अवघड नाही, कारण ओएलईडी आवृत्तीत मागचे झाकण टॉर्क्स स्क्रूंनी बसवलेले आहे आणि सुटे भाग परदेशात आयफिक्सिट या दुरुस्तीचे साहित्य विकणाऱ्या कंपनीकडे मिळतात. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता यावी असा नियम केला आहे. ग्राहकाच्या हिताचे कायदे ब्रुसेल्समध्ये व्हावेत आणि त्यांचा लाभ अकोल्यात आपोआप पोहोचावा, यावर समाधान मानणे मला पटत नाही, पण सध्या तरी तोच मार्ग दिसतो.

आज्ञावलीच्या बाबतीत हे यंत्र म्हणजे लिनक्सवर चालणारा पूर्ण संगणक आहे. विंडोजसाठी लिहिलेले खेळ प्रोटॉन नावाच्या थरातून चालतात आणि माझ्या संग्रहातील बहुतेक खेळ काहीही खटपट न करता चालले. मेजावरच्या संगणकासारखी बाजू उघडून मी त्यावर मराठी टंकलेखनही केले आहे. मात्र ‘व्हॅलोरंट’ आणि ‘फोर्टनाइट’ यांसारखे स्पर्धात्मक खेळ फसवणूकविरोधी यंत्रणेमुळे इथे चालत नाहीत. घरातील तरुण मुलासाठी घेत असाल, तर हे त्याला आधी विचारा.

किमतीकडे पाहिले की जागतिक राजकारण थेट घरात येते. या यंत्राचा प्रक्रियक एएमडीने आखला आणि तैवानच्या टीएसएमसीने ६ नॅनोमीटर तंत्राने घडवला. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आयातशुल्काची घोषणा केली, तेव्हा निन्टेन्डो या जपानी कंपनीला स्विच २ या खेळयंत्राची तिथली आगाऊ नोंदणी पुढे ढकलावी लागली. त्या वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदाकेंद्रांनी (डेटा सेंटर) स्मृतीचिपांची मागणी इतकी वाढवली की सर्वच संगणकांच्या किमती चढू लागल्या. आपल्याकडे गुजरातमधील धोलेऱ्यात उभा राहत असलेला टाटांचा चिपांचा कारखाना २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या तंत्रापासून सुरुवात करणार आहे. काही जण त्यावरून नाके मुरडतात, मला ते योग्य वाटते. अशा यंत्रांत मुख्य प्रक्रियकाभोवती वीजनियंत्रणाच्या आणि इतर किरकोळ कामांच्या अनेक साध्या चिप असतात, आणि त्यांचा तुटवडा पडला तरी उत्पादन तितकेच अडते.

एक गोष्ट मला अजूनही खटकते. यंत्र मी उघडू शकतो आणि त्यावर हवी ती प्रणाली बसवू शकतो, पण त्यातले खेळ माझे नाहीत. कॅलिफोर्नियातील कायद्यानंतर स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या ऑनलाइन खेळविक्री दुकानात, पैसे भरताना आता स्पष्ट लिहिलेले असते की आपण केवळ वापराचा परवाना विकत घेत आहात. सर्व्हर बंद करून विकलेले खेळ निकामी करण्याविरुद्ध युरोपात झालेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेला दहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या मिळाल्या. आपल्या संसदेने २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला, पैशांच्या खेळांवर बंदी घातली आणि ते मला मान्य आहे. मात्र ग्राहकाने पैसे मोजून घेतलेल्या खेळावर त्याचा हक्क किती, हा प्रश्न तिथे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. मी स्वतः आता शक्य तेव्हा जीओजीसारख्या ठिकाणाहून खेळ घेतो, कारण तिथे खेळाची संपूर्ण फाइल उतरवून स्वतःजवळ ठेवता येते. ते खेळ डेकवर बसवायला थोडी खटपट करावी लागते, पण एकदा बसले की खंडाळ्याच्या बोगद्यात इंटरनेट गेले तरी अडत नाहीत.

परदेशातून कोणी येणार असेल आणि संथ, विचार करायला लावणारे खेळ आवडत असतील, तर ५१२ जीबीचे यंत्र मागवावे. साठवणूक पुढे मायक्रोएसडी कार्डाने वाढवता येते, त्यामुळे १ टीबीच्या आवृत्तीसाठी जादा पैसे देण्याचे मला कारण दिसत नाही. चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त अमेरिकी पिनेसाठी साधा अॅडाप्टर लागतो. चष्मा असल्यास तो जवळ ठेवावा.