घरविक्रीची छायाचित्रे: मोबाइल की ट्रायपॉडवरचा कॅमेरा?

मुंबईतील वन बीएचके घराचे छायाचित्र काढताना खरी अडचण जागेची असते. दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकवूनही संपूर्ण खोली चौकटीत मावत नाही. मोबाइलमधील, फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या मापाने साधारण १३ मिलिमीटरचे अल्ट्रावाइड (खूप रुंद दृश्य टिपणारे) भिंग ही अडचण चटकन सोडवते, परंतु कडेचा सोफा ताणला जातो, खोली लांबलचक भासते आणि प्रत्यक्ष घर पाहायला आलेल्या ग्राहकाचा दारातच विरस होतो. कार्पेट एरियाच्या एकेका चौरस फुटाचा हिशेब करणाऱ्या शहरात ही फसगत मला अन्यायाची वाटते.

फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि १६ ते २४ मिलिमीटरचे भिंग यांना वेळ व खर्च अधिक लागतो. तथापि कॅमेरा ट्रायपॉडवर छातीच्या उंचीला समतल ठेवला की भिंतींच्या उभ्या रेषा सरळ राहतात, आणि वेगवेगळ्या एक्स्पोजरची (कमी-जास्त प्रकाश घेतलेली) छायाचित्रे घेऊन जोडल्यास आतला अंधारा कोपराही उजळतो व खिडकीबाहेरचे आकाश किंवा गुलमोहरही स्पष्ट दिसतो. मोबाइलचे एचडीआर हेच काम आपोआप करते, मात्र त्यावर आपले नियंत्रण कमी राहते.

भाड्याने द्यायच्या घरासाठी मोबाइल पुरेसा आहे, फक्त अल्ट्रावाइडऐवजी मुख्य भिंग वापरावे. विक्रीसाठी मी कॅमेराच सुचवेन. दोन्ही पर्यायांत दिवसा ट्यूबलाइट बंद ठेवावी, अन्यथा भिंतींवर हिरवट झाक येऊ शकते.