मांजराचं फॅटी लिव्हर: गोळीला अडीच तारे, नळीला साडेचार

निदान, सोनोग्राफी, कावीळ हे वाचणाऱ्यांना माहीत आहे असं धरतो. हिपॅटिक लिपिडोसिसच्या, म्हणजे या फॅटी लिव्हरच्या, बिलात ॲडेमेटिओनिनच्या (लिव्हरला आधार देणारं औषध) गोळ्या डोळ्यांत भरतात आणि अन्न भरवायला अन्ननलिकेत बसवलेली फीडिंग ट्यूब 'बघू पुढे' म्हणून राहते. काही महिन्यांच्या वापरानंतर मत असं, की आधी नळी, मग बाकी सगळं.

गोळी वाईट नाही, नखरेल आहे. वरचं आवरण आतड्यात विरघळणारं, त्यामुळे तोडली, कुटली की औषध वाया. म्हणजे ४०० मिग्रॅची घेऊन चार तुकडे करायची काटकसर बाद. ती नळीतूनही जात नाही. उपाशीपोटी तोंडानेच द्यायची, खाण्याआधी तासभर, आणि मागून ५ मिली पाणी, नाहीतर अन्ननलिकेत चिकटते. माणसांची २०० मिग्रॅची अख्खी चालेल का, हे वजन सांगून डॉक्टरांना विचारा. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी गोळी, तोडता येतं, पण पित्तनलिका बंद नाही याची खात्री झाल्यावरच. लिव्हर टॉनिकचं सिरप मात्र दुकानातच ठेवा. मांजर फेस काढतं आणि पुढचं जेवण बोंबलतं.

आता नळी. ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात. पहिल्या दिवशी त्याच्या पाव ते एक तृतीयांश, पुढे तीन-चार दिवसांत पूर्ण. एकदम भरलं तर रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस कोसळतं. फॉस्फरस फार उतरला की तांबड्या पेशी फुटतात. म्हणून पहिल्या दिवसांतल्या इलेक्ट्रोलाइट (रक्तातल्या क्षारांच्या) तपासणीवर पैसे वाचवू नका. अशक्तपणासाठी ग्लुकोजचं सलाईन लावा असा आग्रहही धरू नका, लिव्हरमधली चरबी त्याने वाढू शकते. एन्सेफॅलोपथी, म्हणजे लिव्हर बिघडल्याने मेंदूवर झालेला परिणाम, नसेल तर प्रोटीन कमी करायचं नाही.

अन्न मिलीला एक किलोकॅलरी इतपत पातळ केलं, तर पूर्ण प्रमाणात ४० मिलीच्या पाच वेळा होतात. कोमट करून, १०-१५ मिनिटं घेऊन द्यायचं. घाई केली की उलटी, आणि उलटीत नळीचं टोक तोंडात येऊ शकतं. तसं झालं तर एक्स-रे होईपर्यंत काहीही घालायचं नाही.

नळी तुंबते ती बहुतेक चिकनच्या धाग्यांनी. मिक्सरमधून काढलेलंही बारीक गाळणीतून गाळा. आधी आणि नंतर ५ ते १० मिली कोमट पाणी, अपवाद नाही. तुंबलीच तर कोमट पाणी हलकेच आत-बाहेर करा; नाही सुटली तर थोडा कोला घालून अर्धा तास थांबा. तार घालू नका.

आधी वाटायचं, भूक लागली की नळी लगेच काढावी. आता नाही. गळ्यात नळी असतानाही मांजर खातं. स्वतः खाऊन एक-दोन आठवडे वजन टिकलं की मग काढा. भोक आपोआप भरतं, टाका लागत नाही. तोंडात सिरिंजने कोंबणं नळीपेक्षा वाईट, मांजराला त्या अन्नाचाच तिटकारा बसतो.

नळीचा अर्धा तारा कापलाय तो सिरिंजच्या जोडणीसाठी. लाल रबरी नळीच्या रुंद तोंडाला इंजेक्शनची साधी सिरिंज बसत नाही, अन्न बाजूने गळून मानेच्या पट्टीत मुरतं आणि जखम चिघळते. मेडिकलमध्ये लांब नोझलची ५० मिलीची कॅथेटर-टिप सिरिंज असंच सांगा, आणि नळीचं टोपण जास्तीचं घेऊन ठेवा.